लाल डोळ्यांचं पिल्लू

माझी पहिली जोडी ही जोडी नव्हतीच. हे कळायला मला सात महिने आणि १९ अंडी लागली.

दोघंही हिरवे पीचफेस, म्हणजे लव्हबर्ड या छोट्या पोपटांची एक जात. दिवसभर एकमेकांना चिकटून बसायचे, मानेची पिसं साफ करायचे, चोचीत चोच घालून भरवायचे. देणाऱ्याने 'खात्रीची जोडी' म्हणून दिलेले. त्यातला जो जरा दांडगा तो नर, असं मीच ठरवून टाकलं. पिंजऱ्यात घरट्याचा बॉक्स लावला आणि महिन्याभरात अंडी सुरू झाली. पीचफेसची मादी साधारण एक दिवसाआड एक अशी चार ते सहा अंडी घालते. माझ्या बॉक्समध्ये पहिल्याच खेपेला नऊ झाली, त्यातली दोन तर एकाच दिवशी. मी इतकी खूश, की भेटेल त्याला आकडा सांगत सुटले.

आठव्या दिवशी खोलीत अंधार करून एकेक अंडं मोबाइलच्या टॉर्चवर धरलं. आत पिल्लू धरलं असेल तर तांबड्या शिरांचं जाळं दिसतं. माझी नऊच्या नऊ अंडी बल्बासारखी स्वच्छ पिवळी. दुसऱ्या खेपेला दहा अंडी, आणि तीही तशीच. त्या खेपेनंतर दांडगा 'नर' पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी जाऊन बसला. डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि म्हणाले, अंडं अडकलंय.

अंडं सुटलं, पक्षी वाचला, आणि मग मी काकांना फोन केला. हे काका नात्यातले नाहीत. आयुष्यभर पक्षी पाळलेला माणूस, ओळखीतून गाठ पडलेली. मी 'नऊ अंडी' म्हटल्याबरोबर ते म्हणाले, "दोन्ही माद्या आहेत. हे मला आधी का नाही विचारलंस?"

लव्हबर्डच्या एकूण नऊ जाती. त्यातल्या मादागास्कर, ॲबिसिनियन आणि रेडहेडेड या तिघांतच नर-मादी नुसत्या रंगावरून ओळखता येतात. मादागास्करच्या नराचं डोकं करडं आणि मादीचं हिरवं, इतकं सोपं. पण घरोघरी जे दिसतात ते पीचफेस, फिशर, मास्क्ड, यांच्यात नर आणि मादी अगदी सारखे. ओटीपोटाची हाडं चाचपून सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं निम्म्या वेळा बरोबर येतं, आणि निम्म्या वेळा तर डोळे मिटून सांगितलं तरी बरोबर येईल. छातीची चार पिसं मुळासकट उपटून डीएनए चाचणीला पाठवायची, हाच खरा मार्ग. मी पाठवली. दोन ओळींचं उत्तर आलं: मादी, मादी.

काकांनी दोन गोष्टी सक्तीच्या केल्या. बॉक्स काढून सहा महिने विश्रांती, समुद्रफेण कायम पिंजऱ्यात. आणि एक वही. "प्रत्येक पक्ष्याला एक पान. आई कोण, बाप कोण, अंडं कधी, पिल्लू कधी, लव कुठल्या रंगाची. आज उगाच वाटेल. लिही."

नर आणला तो डीएनएचा कागद बघूनच. साधा हिरवा, केशरी-गुलाबी चेहरा, कमरेवर निळा पट्टा. मूळ जंगली पीचफेस असाच असतो. अंगोला, नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या वायव्य टोकाच्या कोरड्या मुलखातला हा पक्षी. मला तेव्हा रंगांचं काही पडलेलं नव्हतं. पिल्लू हवं होतं, बस्स.

त्या खेपेला पाच अंडी झाली आणि टॉर्चवर चारांत शिरा दिसल्या. मादी एकटीच उबवते. नर येऊन तिला भरवतो आणि उरलेला वेळ बॉक्सच्या दारावर पहारा देतो. २३व्या दिवशी सकाळी बॉक्समधून बारीक किरकिर ऐकू आली. मी संध्याकाळपर्यंत कसाबसा धीर धरला. मादी बाहेर आल्यावर झाकण उचललं तर अंगठ्याच्या पेरापेक्षा जरासा मोठा एक गोळा, अंगावर विरळ शेंदरी लव, डोळे मिटलेले. मिटलेल्या कातडीखाली दोन काळे मणी स्पष्ट दिसत होते. दोन दिवसांनी दुसरं आलं, तसंच. मग तिसरं.

तिसऱ्याच्या डोळ्यांत मणी नव्हते. जिथे काळं दिसायला हवं तिथे फिकट गुलाबी फुगीर कातडी. मला वाटलं आंधळं आहे. रात्री काकांना फोन केला.

"आईबाप कुठल्या रंगाचे?"

"दोघंही हिरवे."

"मग लुटिनो निघालंय. डोळे लाल असतील, अंग पिवळं होईल. आणि ती मादी आहे."

"न बघताच?"

"वही घे," काका म्हणाले.

त्या रात्री फोनवर काढलेली आकृती अजून वहीत आहे. माणसांत दोन सारखी गुणसूत्रं बाईकडे असतात आणि वेगवेगळी पुरुषाकडे. पक्ष्यांत बरोबर उलटं. नराकडे झेड-झेड, मादीकडे झेड-डब्ल्यू. पीचफेसमधला लुटिनोचा जीन झेडवर बसलेला असतो आणि तो दबणारा आहे. नराच्या एका झेडवर लुटिनो असला तरी दुसरा साधा झेड त्याला झाकतो, आणि नर हिरवाच दिसतो. यालाच पक्षीवाले 'स्प्लिट' म्हणतात. मादीकडे झेड एकच. त्यावर लुटिनो असेल तर झाकायला दुसरं कोणी नाही. म्हणजे ती एक तर लुटिनो दिसणार, नाही तर तिच्यात तो जीन नसणारच. मधली अवस्था मादीला नाही.

आता माझं पिल्लू. आई हिरवी, म्हणजे तिच्याकडे लुटिनो नाही. मग तो आला बापाकडूनच, आणि बाप स्प्लिट. मुलग्याला एक झेड आईचा मिळतो. तो साधा, त्यामुळे मुलगे सगळे हिरवे. मुलीला आईकडून फक्त डब्ल्यू येतो. म्हणून या जोडीतून पिवळं काही निघालं तर ती मुलगीच. पुढे चाचणी केली तेव्हाही तेच आलं, पण मला त्या रात्रीच पटलं होतं. ज्या नराला मी 'साधा हिरवा' म्हणून आणलं, तो अंगात आपल्या आईचा किंवा बापाचा पिवळा रंग घेऊन आला होता आणि त्याच्या एकाही पिसावर त्याची खूण नव्हती.

पिल्लाला पिसं फुटली तशी मी रोज फोटो काढायला लागले. अंग पिवळं, चेहऱ्यावर फिकट लाली. ती पुढे गडद झाली. नाव आपोआप हळदी पडलं. एक गोष्ट मात्र कळेना. तिच्या कमरेचा पट्टा पिवळा नव्हता, पांढरा होता. उडायची लांब पिसंही पांढुरकी. सगळा पक्षी पिवळा आणि नेमकी बापाची जिथे निळाई, तिथे हिचं पांढरं.

उत्तर पिंजऱ्याच्या तळाशीच पडलेलं होतं. बापाच्या कमरेचं गळलेलं एक निळं पीस मी खिडकीत धरलं, उजेड मागून येईल असं. निळं गायब. उरला मळकट तपकिरी. पुन्हा उजेड समोरून घेतला, तर निळं परत. म्हणजे पिसात निळा रंग असा नसतोच. पिसाच्या आत सूक्ष्म जाळीदार रचना असते, ती निळा प्रकाश परत फेकते, आणि तिच्या मागे मेलॅनिनचा काळा पडदा असतो म्हणून ते निळं उठून दिसतं. त्यावर पिवळ्या रंगद्रव्याचा थर चढला की आपल्याला हिरवं दिसतं. पोपटवर्गाचं हे पिवळं-लाल रंगद्रव्य, सिटॅकोफल्व्हिन, दुसऱ्या पक्ष्यांत आढळत नाही. पक्षी ते अन्नातून घेत नाही, अंगातच बनवतो. लुटिनोत मेलॅनिन जातं. हिरव्यातून काळा पडदा गेला की पिवळं उरतं. कमरेच्या निळ्यात पिवळं मुळात नव्हतंच, तिथला पडदा गेला की उरतं पांढरं. हळदीची कंबर पांढरी असणं हा अपघात नव्हता, हिशेब होता.

आणि इथे मला रंगांची चटक लागली. हे खरंच लागिरं आहे. दोन वर्षं मी जेवताना तक्ते काढले.

आता निळा हवा होता. पिवळं रंगद्रव्य पूर्ण बंद झालं की हिरव्याचा निळा होतो, इतकं कळलं होतं. पण पीचफेसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या ज्याला निळा म्हणत आले, तो अर्धवट निळा असतो. पिवळं कमी होतं, जात नाही. ज्याला 'डच ब्लू' म्हणत आले त्याला आता अभ्यासू मंडळी ॲक्वा म्हणतात, 'व्हाइटफेस'ला टर्क्वॉइज. दोन्ही एकाच जागेवरचे जीन. एक इकडून आणि एक तिकडून मिळाला की होतो 'सीग्रीन'. हे जीन झेडवर नसतात. त्यामुळे इथे मादीसुद्धा स्प्लिट असू शकते, आणि माझा आधीचा तक्ता इथे चालत नाही.

मी एक ॲक्वा नर आणला आणि त्याला स्प्लिट ॲक्वा मादी दिली. वहीत ऐटीत लिहिलं: निम्मी हिरवी, निम्मी ॲक्वा. पहिल्या खेपेला पाच पिल्लं झाली आणि पाचही जणांची लव शेंदरी. निळ्या घराण्याच्या पिल्लांची लव पांढरी असते, म्हणजे पिसांची वाट बघायलाही काही उरलं नाही. पाचही हिरवी. मी काकांवर चिडले. ते म्हणाले, "नाणं पाचदा उडवलंस, पाचदा छापा पडला. नाण्यावर काय रागावतेस?" पुढच्या खेपेला पाचात चार पांढऱ्या लवेची. तेव्हापासून मी वहीत 'निम्मी' असं लिहीत नाही. 'प्रत्येकाला निम्मी शक्यता' लिहिते.

याच काळात मी पक्ष्यांच्या जाहिराती नव्या नजरेने वाचू लागले. 'स्प्लिट लुटिनो पीचफेस मादी', असं एकाने लिहिलं होतं. असा पक्षी जगात असूच शकत नाही हे मला आता माहीत होतं. दुसऱ्याने मला 'स्प्लिट व्हायलेट' विकायचा घाट घातला होता. व्हायलेट, म्हणजे रंग जांभळ्याकडे नेणारा जीन, हा दबणारा नाही, अंगात असेल तर दिसतोच, थोडा किंवा जास्त. रंग गडद करणाऱ्या डार्क फॅक्टर या जीनचंही तसंच. एक डोस असला तर हिरव्याचा जेड, दोन असले तर ऑलिव्ह. निळ्यात एकाने कोबाल्ट, दोनांनी मॉव्ह. लपायची सोयच नाही. डोळ्यांत भरणारा जांभळा पक्षी हवा तर निळ्या अंगावर व्हायलेट आणि सोबत एक डार्क फॅक्टर, असं सगळं एकत्र यावं लागतं. विक्रेत्याला मी हे नम्रपणे समजावलं. त्याने मला ब्लॉक केलं.

खरा निळा म्हणून मग मी फिशरकडे वळले. डोळ्याभोवती पांढरं कातडी कडं असलेल्या चार जाती आहेत: फिशर, मास्क्ड, लिलियन आणि ब्लॅकचीक्ड. यांच्यात पूर्ण निळा आहे. मास्क्डमधला निळा तर १९२०च्या दशकात टांझानियातून पकडून आणलेल्या जंगली पक्ष्यांतच सापडला होता. पिंजऱ्यात जन्मलेला रंग नव्हे तो. माझ्या निळ्या फिशर जोडीचं अंग आभाळासारखं, छाती आणि गळा पांढरा, डोकं करडट. केशरीचा मागमूस नाही.

फिशरमध्ये लुटिनोही असतो. पीचफेसचा नियम मी डोळे झाकून त्यालाही लावला आणि तोंडघशी पडले. कडंवाल्या जातींतला लुटिनो झेडवर नाहीच. नाव तेच, डोळे तसेच लाल, पण जीन दुसरा आणि वागणूक दुसरी. इथे आई आणि बाप दोघांनीही तो द्यावा लागतो. तो मुळात लिलियनमध्ये निघाला, १९३०च्या दशकात ऑस्ट्रेलियात, आणि मग संकर करून पालकांनी तो फिशर आणि मास्क्डमध्ये नेला. या चारही जाती एकमेकांत जुळतात आणि त्यांची पिल्लं पुढे विणतात, म्हणून हे जमलं. संकर, मग पुन्हा शुद्ध पक्ष्याशी, मग पुन्हा, असं पिढ्यान्‌पिढ्या.

मला ते वाचून आधी कौतुक वाटलं. मग काकांकडचा एक फिशर नीट बघितला. कपाळावर मळकट काळी झाक. "मास्क्ड डोकावतोय," काका म्हणाले, "रंग घेतला आणि परत फिरायला विसरले लोक." केनियातल्या नैवाशा तलावाकाठी तर सोडलेल्या फिशर-मास्क्डच्या मिश्र पक्ष्यांची मोकळी वस्तीच आहे. आणि ब्लॅकचीक्ड, ज्याचा जंगलातला मुलूख झांबियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापुरता, त्याचा निखळ शुद्ध पक्षी पालकांकडे शोधायचा तर वंशाची वही मागावी लागते. नुसता पक्षी बघून भागत नाही.

इतकं सगळं वाचून, ऐकून, वहीत उतरवूनही माझ्या हातून जे व्हायचं ते झालंच. निळा फिशर नर एका रात्रीत गेला. मादी एकटी पडली. दांडीवर कोपऱ्यात मान खाली घालून बसायची, खायची नाही. शेजारच्या पिंजऱ्यात हळदीचा बापही तेव्हा एकटा होता, कारण त्याची मादी विश्रांतीवर होती. मी दोघांना सोबत म्हणून मोठ्या पिंजऱ्यात सोडलं. त्या पिंजऱ्यातला जुना बॉक्स काढायचा राहिला. राहिला म्हणजे, दिसत होता आणि मी काढला नाही. दोन महिन्यांत चार अंडी, आणि त्यातून दोन पिल्लं.

पीचफेस आणि फिशरची संतती खेचरासारखी असते, वांझ. तो एक दिलासा, असं काका म्हणाले, आणि पुढे आठवडाभर त्यांनी माझा फोन घेतला नाही. दोन्ही पिल्लं हिरवी. आईचा निळा दबलेला, बापाकडून त्याला जोडी मिळालेली नव्हती. चेहरा केशरी, डोळ्याभोवती कडं आहेही आणि नाहीही, पेन्सिलीने पुसट गिरवल्यासारखं. डीएनए केलं. एक नर, एक मादी. मी त्यांना कोणाला दिलं नाही. द्यायचं म्हटलं तर काय म्हणून द्यायचं?

त्यातली मादी वर्षाची झाली आणि तिने कागद कापायला सुरुवात केली. हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लव्हबर्डची मादी कागदाच्या कडेने चोचीने टोचत टोचत जाते, शिलाई मशीनच्या सुईसारखी, आणि बोटभर लांबीची सरळ पट्टी सोडवून घेते. पुढचा भाग जातीप्रमाणे वेगळा. पीचफेसची मादी मान मागे वळवते, पट्टी कमरेच्या पिसांत खोचते, पिसं मिटून घेते, मग दुसरी, मग तिसरी, आणि झाडूसारखी दिसायला लागली की उडत बॉक्समध्ये जाते. फिशरची मादी एकच पट्टी चोचीत धरते आणि सरळ नेते.

माझी ही मादी पट्टी कापायची, झकास सरळ. मग मान मागे वळवायची, पट्टी पिसांत घालायची आणि चोच सोडायचीच नाही. किंवा सोडायची, पण पिसं मिटायची विसरायची. किंवा पट्टी मधोमध धरल्यामुळे दोन्ही टोकं बाहेर. उडाली की पट्टी खाली. खाली उतरून तीच पट्टी उचलायची, पुन्हा खोचायची, पुन्हा पडायची. एका सकाळी मी मोजलं. चाळीस मिनिटांत २७ पट्ट्या, बॉक्समध्ये पोचली एक. ती चोचीत राहून गेली होती म्हणून.

मी हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातल्या विल्यम डिल्गरबद्दल सांगितलं. त्याने हाच संकर मुद्दाम करून हीच गोष्ट पाहिली होती आणि १९६२मध्ये लिहूनही ठेवली होती. त्याच्या पक्ष्यांना पट्टी चोचीने न्यायला शिकायला जवळजवळ तीन वर्षं लागली. मी वहीत तिच्या पानावर तारीख घातली आणि वाट बघायचं ठरवलं. बॉक्स काढला नाही. अंडी रिकामीच निघणार होती, आणि ती काढून घेतली की ती पुन्हा घालत बसली असती. म्हणून मी ती तिच्याखालीच राहू देते. कंटाळून आपणच उठते.

आता तिचं चौथं वर्ष चालू आहे. हळदीला तिसऱ्या खेपेची पिल्लं आहेत. ॲक्वाची सगळी घराणी वहीत दोन-दोन पानं खाऊन बसलीत. नव्या रंगासाठी पक्षी आणणं मी बंद केलंय. गेल्या रविवारी मी वर्तमानपत्राचं पान पिंजऱ्याच्या जाळीत अडकवलं. तिने कडेने टोचत पट्टी काढली, चोचीत नीट एका टोकाला धरली. मग, उडायच्या आधी, मान मागे वळवली, चोच कमरेच्या पिसांपर्यंत नेली, क्षणभर तिथे थांबली, पुन्हा सरळ केली आणि पट्टी चोचीतच घेऊन बॉक्सकडे गेली. दुसऱ्या पट्टीलाही तसंच. प्रत्येक पट्टीला.